इंजिन उघडण्याआधी

धुळ्यात देशातले दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून नाशिकमार्गे येतो आणि शिरपूर, सेंधव्यावरून इंदूर-आग्र्याकडे जातो. दुसरा सुरतेहून कोंडाईबारीचा घाट ओलांडून साक्री, धुळे, पारोळा, जळगाव, भुसावळ करत नागपूर-कोलकात्याकडे निघतो. या रस्त्यांवर पोट असलेली माणसं खानदेशात गावोगाव आहेत. बरेच जण एका-दोन ट्रकांचे मालक, आणि मालक तोच ड्रायव्हर. रावेर, यावल, सावद्याकडची केळी कच्ची कापून गाडीत भरली की दिल्लीची वाट धरायची. वाटेत इंजिन बसलं तरी केळी पिकायची थांबत नाहीत. व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात आणि त्या घाईत कुणी ‘हेड खोला’ म्हणालं की हेड खोललं जातं.

हा लेख त्या मालक-चालकासाठी आहे. इंजिनच्या कामात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो कारण न शोधता भाग बदलण्यात. हेड गॅस्केट गेलं म्हणून नवं बसवलं, पण ते का गेलं हे पाहिलं नाही, तर दुसरंही जाणार. टर्बो बदलला, पण त्याला तेल नेणारी नळी तशीच कचऱ्याने भरलेली राहिली, तर नवा टर्बोही फार दिवस टिकत नाही. म्हणून इथे पाना कसा फिरवायचा यापेक्षा, पाना हातात घेण्याआधी काय बघायचं आणि दुकानात काय मागायचं, यावर जास्त लिहिलं आहे.

हात कुठपर्यंत घालायचा

आधी आपली गाडी कोणत्या पिढीची आहे ते बघा. टाटाची ६९७ आणि ४९७ इंजिनं, टाटाच्या अनेक ट्रकांत बसलेलं कमिन्सचं ५.९ लिटरचं ६बीटी, लेलँडमधली जुनी हिनो इंजिनं ही सगळी लोखंडी पंप आणि नळ्यांची इंजिनं. डिझेल पंप गिअरवर फिरतो आणि नळीतून नोझलपर्यंत डिझेल ढकलतो. पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी गॅरेजात अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात. या इंजिनांवर शहाणा मालक स्वतः पुष्कळ काम करू शकतो. फिल्टर, ऑइल, बेल्ट, पाण्याचे पाइप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फीड पंप, टॅपेट, डिझेल लाइनीतली हवा काढणं, नोझल उतरवून तपासायला देणं, सेल्फ आणि अल्टरनेटर काढणं-बसवणं ही कामं दोन-चार वेळा मिस्तरीच्या शेजारी उभं राहून शिकता येतात.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. या काळातल्या बहुतेक मोठ्या गाड्यांत कॉमन रेल आहे. तिथे डिझेलचा दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. जुन्या इंजिनावर मिस्तरी चालू गाडीत एकेका नळीचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखतात. कॉमन रेलच्या गाडीवर हा प्रयोग कधीही करू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर सुईच्या टोचणीएवढी खूण दिसते, दुखतही फारसं नाही, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालंच तर जखम किरकोळ समजून घरी न जाता तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलं आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बीएस-६ गाडीत तुमचं काम फिल्टर, ऑइल, कुलंट, बेल्ट, हवेचे पाइप, बॅटरी आणि वायरिंगचे प्लग एवढ्यापुरतं ठेवा. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड बहुतेक इंजिनांत संगणकात भरावा लागतो. तो न भरता नुसता इंजेक्टर घातला की गाडी धूर टाकते, आणि लोक नव्या इंजेक्टरला नावं ठेवतात.

कोणत्याही गाडीत हात घालताना चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि बॅटरीची मायनस वायर काढा. केबिन उचलली असेल तर टेकूची दांडी कुलूपबंद करा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर केबिनखाली डोकं घालू नका, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. महामार्गाच्या कडेला काम करावंच लागलं तर रस्त्याच्या बाजूला नव्हे, शेताच्या बाजूला उभं राहा आणि परावर्तक त्रिकोण गाडीपासून चांगलाच मागे ठेवा. रात्री गाडीखालून बाहेर आलेले पाय मागून येणाऱ्या ड्रायव्हरला दिसत नाहीत.

तापणारं इंजिन

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भरलेली गाडी पळासनेरहून बिजासनचा घाट चढायला लागली की काटा लाल रेघेकडे सरकतो. आपल्याकडे इंजिनं मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, त्यामुळे यावर सविस्तर बोलायला हवं.

पहिली तपासणी बाहेरून. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभी राहणारी गाडी रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू ओढून घेते. त्यावर रस्त्याची धूळ आणि ऑइलचे शिंतोडे बसले की नमद्यासारखा थर तयार होतो. टर्बोच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो आणि हा थर बहुतेक वेळा दोघांच्या मधल्या फटीत बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, हवा मात्र जात नाही. बॅटरी टॉर्च एका बाजूला धरून दुसऱ्या बाजूने बघा. उजेड दिसत नसेल तर इंटरकूलर सैल करून मधली जागा धुवा. पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूने बाहेर, आणि कमी दाबाने. सर्व्हिस स्टेशनच्या पिचकारीने जवळून मारलं तर जाळीचे पत्रे दुमडतात आणि वाट कायमची बंद होते.

दुसरी तपासणी रेडिएटरच्या झाकणाची. अनेकांना ते साधं बूच वाटतं. प्रत्यक्षात तो दाबाचा वॉल्व आहे. झाकणाने ०.७ बार दाब धरला तर पाणी १०० ऐवजी साधारण ११५ अंशांना उकळतं. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग मेली की ही सवलत गेली. मग इंजिन निरोगी असूनही घाटात पाणी बाहेर फेकतं. पाणी फेकतंय म्हणजे हेड गॅस्केट गेलं, असं ठरवून हेड खोलण्याआधी त्याच मापाचं, त्याच दाबाचं चांगलं झाकण लावून बघा. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. वरचा पाइप हाताने दाबता येईपर्यंत थांबा.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅट. उन्हाळा लागला की तो काढून फेकायची पद्धत आपल्याकडे पक्की रुजली आहे. ‘पाणी मोकळं फिरेल’ असं सांगितलं जातं. अनेक इंजिनांत होतं उलटंच. थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच परत इंजिनात शिरतो आणि घाटात गाडी आणखी तापते. हिवाळ्यात तेच इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त खातं, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर घरी तपासा. पातेल्यात पाणी तापत ठेवा, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत सोडा, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. उघडत नसेल तर बदला. काढून टाकणं हा उपाय नाही.

चौथी गोष्ट पाणी. आपल्याकडच्या बहुतेक बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलं की किटलीत बसतो तसा पांढरा थर हेडच्या आतल्या वाटांत बसतो आणि उष्णता धातूतून पाण्यात उतरत नाही. काटा मधेच असतो, पण हेड आतून भाजत राहतं. ठरलेल्या प्रमाणात कुलंट आणि त्यात मिसळायला बॅटरीचं शुद्ध पाणी, एवढाच नियम पाळा. कुलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं हा समज खोटा आहे. ते उकळबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. इंजिन हळू चालू ठेवून काटा उतरू द्या. पाणी पूर्ण संपलं असेल तर मात्र लगेच बंद करा आणि थंड होईपर्यंत वाट बघा. तडकलेल्या हेडांपैकी कित्येक असं ओतलेल्या पाण्याने तडकलेली असतात.

हे सगळं ठीक असूनही थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, ऑइलची कांडी ताकासारखी पांढरट दिसत असेल, किंवा बाहेर गळती नसताना पाणी रोज कमी होत असेल, तेव्हा हेडवर संशय घ्या.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. लोक लगेच पंप आणि नोझलकडे धावतात. आधी एअर फिल्टर बघा. फिल्टरपासून टर्बोपर्यंत आणि टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या रबरी पाइपांवरून हात फिरवा. इंटरकूलरचा पाइप चिरला असेल तर चढावर शिट्टीसारखा आवाज येतो, ओढ कमी होते आणि धूर काळा होतो. एक पाइप आणि दोन क्लिप एवढंच काम असतं.

जळगाव-धुळे महामार्गावरच्या तरसोद-फागणे टप्प्याचं काम वर्षानुवर्षं चाललं तेव्हा त्या मार्गाच्या गाड्यांनी किती धूळ खाल्ली हे सगळ्यांना ठाऊक आहे. एअर फिल्टर टायरवर आपटून साफ करू नका, कागद फाटतो. हवा मारायची तर आतून बाहेर आणि लांबून. आतला छोटा फिल्टर साफ करायचाच नसतो, तो बदलायचा असतो. फाटक्या कागदातून आत गेलेली बारीक माती ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि लायनर घासत राहते. नवं इंजिन अवेळी ऑइल खाऊ लागतं त्यामागे बऱ्याचदा हाच फिल्टर असतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथेही थेट ‘हाफ इंजिन करा’ या सल्ल्यावर जाऊ नका. ब्रीदरचा पाइप तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने वर चढतं. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो. टर्बोचा हवेचा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑइलचं थोडं ओशटपण चालतं, थारोळं असेल तर दोष टर्बोकडे किंवा ब्रीदरकडे आहे. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. आगगाडीसारखे धक्के देत धूर बाहेर येत असेल, तर रिंगा-लायनर झिजल्याची ती साक्ष.

पांढरा धूर सकाळच्या थंडीत थोडा वेळ आला तर काळजी नाही. गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर पाणी जळतंय. पाणी कमी होत नसेल आणि धुराला कच्च्या डिझेलचा वास असेल तर नोझल किंवा टायमिंग बघा.

एक खूण मात्र कधीही सोडू नका. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. तशी गाडी चालवली तर बेअरिंग जाईल, आणि डिझेल फार झालं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम धावू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

हवा आणि टॅपेट

डिझेल संपून किंवा फिल्टर बदलून लाइनीत हवा शिरली तर जुन्या इंजिनावर ती काढणं सोपं आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारत राहा. फेस येणं थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच करा. वारंवार हवा पकडत असेल तर काढत बसू नका, ती कुठून शिरते ते शोधा. टाकीतून येणाऱ्या पाइपची जुनी वायसर, फीड पंपाआधीची सैल क्लिप, चिरलेला रबरी पाइप, यांतलं काही तरी असतं. ही बाजू ओढीची असते, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. कोरडी दिसते म्हणून ती निर्दोष समजू नका.

टॅपेट सेट करायला एक फिलर गेज, एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि शांतपणा लागतो. ६बीटीचं उदाहरण घेऊ. इंजिन पूर्ण थंड हवं. इनटेकला ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. इंजिन हाताने फिरवून एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. ओळख अशी की एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल असतात आणि सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व हलत्या स्थितीत असतात. या स्थितीत १ नंबरचे दोन्ही, २ आणि ४ चे इनटेक, ३ आणि ५ चे एक्झॉस्ट सेट करा. मग क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा आणि उरलेले सहा करा. दुसऱ्या इंजिनाला हे आकडे लावू नका. प्रत्येकाची मापं वेगळी असतात, ती इंजिनावरच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या पुस्तकात मिळतात. टॅपेट जास्त कसलं तर व्हॉल्व पुरता बसत नाही आणि जळतो. थोडं ढिलं राहिलं तर नुसता आवाज येतो. आवाज पूर्ण जावा म्हणून माप सोडून कसणं हे व्हॉल्व जाळण्याचं काम आहे.

इंजिन उघडायची वेळ आली तर

हाफ इंजिन किंवा पूर्ण इंजिनाचं काम घरच्या अंगणात करू नका. खोलणं-बसवणं मिस्तरीकडे, मोजणं लेथवर. आणि मोजायच्या वेळी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. क्रँकचं प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने, प्रत्येक सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजलं पाहिजे. हेड आणि ब्लॉकचा माथा सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फिलर गेजने बघितलं पाहिजे. हेडला दाबाच्या पाण्याने चिरेची तपासणी हवी. ज्या लेथवर बोट फिरवून ‘चालून जाईल’ म्हणतात, तिथून इंजिन परत घ्या.

बेअरिंगचा माल क्रँक घासून झाल्यावर, मोजलेल्या आकड्यावरून घ्या. दहा, वीस, तीस असं म्हणतात ते इंचाच्या हजाराव्या भागात. दहा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. आधीच बेअरिंग आणून ठेवलं की लेथवाल्यावर क्रँक त्या मापात बसवायची जबरदस्ती होते. नव्या रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फिलर गेजने तपासा. बेअरिंग कॅपला कानस लावून घट्ट करण्याची जुनी युक्ती कुणी सुचवली तर नाही म्हणा. त्याने भोक गोल राहत नाही आणि बेअरिंग फिरतं. सगळ्याच इंजिनांत लायनर नसतो हेही ध्यानात ठेवा. ६बीटीमध्ये पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो, म्हणून तिथे बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात किंवा स्लीव्ह बसवतात.

हेड बसवताना टॉर्क रेंच नसेल तर काम थांबवा. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. ज्या इंजिनात टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलं आहे तिथे तसंच करावं लागतं. असे बोल्ट ताणले जातात, म्हणून ते पुन्हा वापरण्याआधी लांबी मोजावी. मर्यादेपेक्षा वाढली असेल तर तो बोल्ट भंगारात.

माल कसा घ्यायचा

दुकानात गेल्यावर ‘टाटा पंचवीस-पंधराचा वॉटर पंप द्या’ असं मागू नका. त्याच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं, वेगळे पंप, वेगळ्या पुल्या बसल्या आहेत. गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंजिनावरच्या पाटीवरचा प्रकार आणि शक्य असेल तर जुन्या भागावर कोरलेला पार्ट नंबर घेऊन जा. जुना भागही सोबत न्या. बाजूला ठेवून भोकांचं अंतर, आटे, दात, उंची जुळवा आणि मगच पैसे द्या.

मालाचे प्रकार समजून घ्या. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दुसरा, तोच भाग कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याचा स्वतःच्या नावाचा. रिंगांत गोएट्झे, पिस्टनमध्ये इंडिया पिस्टन्स किंवा उषा, बेअरिंगमध्ये बायमेटल, गॅस्केटमध्ये टॅलब्रॉस आणि बॅन्को, फिल्टरमध्ये फ्लीटगार्ड, पंप-नोझलमध्ये बॉश ही नावं वर्षानुवर्षं या धंद्यात आहेत. तिसरा, कमी ओळखीच्या कारखान्याचा लोकल माल. आणि चौथा, वरच्यांपैकी कुणाचं तरी नाव छापलेला नकली माल. दुसऱ्या प्रकारात दर्जा आणि किंमत यांचा मेळ बहुतेक वेळा बरा जमतो, असं माझं मत आहे. लोकल माल सरसकट वाईट नसतो. मडगार्ड, आरशाचा दांडा, साधा ब्रॅकेट, दिव्याची काच यांत तो खुशाल घ्या. पण ज्याच्या बिघाडाने पूर्ण इंजिन जातं तिथे लोकल माल नको. बेअरिंग, रिंगा, ऑइल पंप, हेड गॅस्केट, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा बेल्ट ही यादी पाठ करून ठेवा. फिल्टरमध्ये वाचलेले शंभर-दोनशे रुपये इंजिनाच्या कामात हजारोंनी परत जातात.

नकली माल ओळखायला डबा आधी वाचा. कायद्याने डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. छपाई फिकी, शब्दलेखन चुकलेलं, होलोग्राम नुसता चमकणारा कागद, किंवा डब्यावरचा नंबर आणि आतल्या भागावरचा नंबर वेगळा असेल तर माल परत करा. बऱ्याच कंपन्या आता मोबाइलने तपासायचा कोड देतात, तो दुकानातच तपासा. फिल्टर हातात घेऊन कागदाच्या घड्या बघा. विरळ आणि वाकड्या असतील तर ठेवून द्या. बेअरिंगच्या पाठीवर कंपनीची खूण आणि माप स्वच्छ उमटलेलं असतं. आणि किंमत नेहमीच्या निम्मी सांगितली तर स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका.

जुना, उतरवलेला माल सगळाच वाईट नसतो. ब्लॉक, हेड, फ्लायव्हील हाउसिंग, टायमिंग कव्हर, सेल्फची बॉडी तपासून घेता येते. हेड घेताना चिरेची तपासणी करून मगच सौदा पक्का करा. गॅस्केट, ऑइल सील, बेअरिंग, बेल्ट आणि नोझल जुनं घेऊ नका. ज्या ब्लॉकवर इंजिन नंबर आहे तो बदलला तर नोंदणी पुस्तकातला नंबर बदलतो. आरटीओकडे, जळगावची गाडी असेल तर एमएच-१९ च्या आणि धुळ्याची असेल तर एमएच-१८ च्या कार्यालयात, रीतसर परवानगी आणि नोंद करून घ्या. नंबर खोडलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नका. नाक्यावर गाडी अडेल आणि अपघातात विम्याचा दावाही अडेल.

बिल घ्याच. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर गॅरंटी तोंडी राहते. स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्या मालकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक मानलं आहे. स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाही. सदोष भागामुळे नुकसान झालं तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, पण हातात पक्कं बिल हवं. बिलावर पार्ट नंबर आणि गाडी नंबर लिहून घ्या, खराब भाग जपून ठेवा.

युरियाचं द्रावण आणि शेतातला युरिया

बीएस-६ च्या मोठ्या गाड्यांत डीईएफ लागतं. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. घरात शेतीचा युरिया आहे, बादलीत विरघळवून घालू, हा विचार आपल्या भागात सहज सुचतो. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो आणि त्यातली इतर द्रव्यं नळीतली जाळी आणि सायलेन्सरमधला कॅटलिस्ट खराब करतात. तो भाग गाडीतल्या सर्वांत महाग भागांपैकी आहे. शिवाय अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे. डीईएफ सीलबंद घ्या आणि उन्हाळ्यात साठा करू नका. ३५ अंशांवर ठेवलेलं द्रावण साधारण सहा महिनेच टिकतं, आणि आपल्या गोदामांत मे महिन्यात त्याहून जास्त तापमान असतं. या गाड्यांत ऑइलही कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घाला. जुन्या गाडीला चालणारं १५डब्ल्यू-४० इथे डोळे झाकून ओतलं तर धूर गाळणारा फिल्टर राखेने लवकर भरतो.

आता पुन्हा उघडलेल्या इंजिनाकडे. काम करून गाडी बाहेर काढली की पहिल्या फेरीत घाटाची भरती घेऊ नका. चालू करण्याआधी टर्बोत आणि फिल्टरमध्ये ऑइल भरा. ऑइलचा दाब दिसल्यावरच ॲक्सिलरेटर द्या. तासभर तसंच उभं ठेवून घरघरवत राहू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. हलका माल घेऊन मध्यम वेगाने चालवा. गरम इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं टर्बोला थंड होऊ द्या. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, आणि जुना फिल्टर कापून आत धातूचे कण चमकतात का ते बघा.

शेवटी एक विनंती. गाडीत एक वही ठेवा. पहिल्या पानावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, टॅपेटची मापं, ऑइलचा ग्रेड, झाकणाचा दाब. पुढे प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, त्याचा नंबर, दुकान, आणि तो का बदलला ते एका ओळीत. गाडी क्लीनरच्या किंवा मुलाच्या हातात देताना ही वहीही द्या.